पाळीव उंदीर: जोडी, पिंजरा, खाणं, दुखणी आणि मूषकाचं डोकं

काटेसावर (धागाकर्ती)

पाळीव उंदरांविषयी मराठीत शोधलं तर एक तर हॅमस्टरची माहिती मिळते, नाहीतर उंदीर घालवायचे उपाय. दोन्हींचा आपल्याला उपयोग नाही. ज्यांना या प्राण्याची चांगली ओळख आहे त्यांनी इथे भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं. गोड किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे मापं, प्रमाणं, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहू.

आधी कोणता उंदीर ते. मराठीत या एका शब्दात बरेच जण येतात. फडताळामागचा अंगठ्याएवढा घरउंदीर वेगळा, कौलांवरून आणि माडावरून पळणारा लांब शेपटीचा काळा उंदीर वेगळा, गटाराकडेची घूस आणखी वेगळी, आणि चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नव्हे. पाळतात तो तपकिरी उंदीर, रॅटस नॉर्वेजिकस. १७६९ साली जॉन बर्कनहाउटने हे नाव दिलं तेव्हा तो नॉर्वेच्या जहाजांतून आला असा समज होता. मूळचा तो उत्तर चीन-मंगोलियाकडचा. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी बाजूला काढून त्यांची पैदास करायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांच्या खटपटीने एल्सबरीच्या प्रदर्शनात पाळीव उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली. आपल्याकडच्या दुकानांत दिसतात ते बहुतेक पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगशाळेतल्या वंशाचे. त्यांची नजर अधू असते. डोकं डावी-उजवीकडे हळूहळू डोलवतात ते अंतर जोखायला. तो आजार नाही. उजेड मात्र त्यांना मंदच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकटा उंदीर पाळू नका. दोन घ्या, तीन घेतलेत तर उत्तम, पण सगळे नर किंवा सगळ्या माद्या. उंदीर ढिगाने झोपतात, एकमेकांची मान साफ करतात, दिवसभर बारीक आवाजात बोलत असतात. तुम्ही त्याला रोज दोन तास दिलेत तरी उरलेल्या बावीस तासांचं काय? एकटा उंदीर आधी सुस्त होतो, मग चिडका, मग अंगावरचे केस ओरबाडायला लागतो.

घेताना लिंग स्वतः तपासा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. चार-पाच आठवड्यांच्या नराचे वृषण सहज दिसतात, पण गारठा असला किंवा पिल्लू घाबरलं की तो ते आत ओढून घेतो. म्हणून मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर बघा: नरात ते मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट असतं. पाचव्या आठवड्यात नर-मादी वेगळे व्हायलाच हवेत. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, एका वेताला आठ ते बारा पिल्लं सहज, आणि व्याल्यावर चोवीस तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानात एकाच टाकीत ठेवलेली मादी घरी येतानाच गाभण असते, हे सर्रास घडतं.

पिंजरा दोघांसाठी निदान ८० सेंमी लांब, ५० रुंद, ८० उंच. गजांमधली फट १२ मिमीपेक्षा जास्त नको. डोकं गेलं की उंदराचं सगळं अंग जातं. तळाला जाळी असेल तर ती काढा किंवा झाका, कारण जाळीवर चालून तळपाय सोलतात आणि पुढे त्याचे फोड होतात. पोपटाचा उंच पिंजरा वापरणार असाल तर मधे दोन-तीन कापडी झोळ्या आडव्या बांधा, म्हणजे वरून निसटलेला उंदीर थेट तळावर आपटत नाही. जुन्या जीन्सचे पाय याला फार चांगले. टॉवेलचं कापड नको. त्याच्या फासांत नखं अडकतात.

खाली अंथरायला सुताराकडचा भुसा आणू नका. देवदार आणि पाइनच्या भुश्यातली वासाची द्रव्यं फुप्फुसांना आणि यकृताला त्रास देतात, आणि सुताराचा भुसा कुठल्या लाकडाचा ते कळतही नाही. कागदाच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे तुकडे, धुतलेलं सुती कापड पुरतं. कोपऱ्यात एक ट्रे ठेवून त्यात एक गुळगुळीत गोटा ठेवा. उंदीर बहुतेक वेळा त्या गोट्यावरच लघवी करतात, रोज तेवढा धुतला की निम्मं काम झालं. बाकी सफाई आठवड्यातून एकदा, तीसुद्धा निम्म्या-निम्म्या भागाची. सगळा वास एकदम घालवलात तर ते घाबरतात आणि आपली खूण परत उमटवायला जागोजागी मुततात.

तुरीची_डाळ

उपयुक्त धागा. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला जातो. एसी नसेल तर उंदीर पाळूच नयेत का? कूलर चालेल?

काटेसावर

@तुरीची_डाळ, चांगला प्रश्न. उंदराला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो शेपटीतून आणि कानांतून बाहेर टाकतो, फारच झालं तर लाळ अंगाला फासतो. त्याला सुखाचं तापमान २० ते २४ अंश. तिशीच्या वर लक्ष ठेवायचं, बत्तिशीच्या वर उपाय सुरू करायचे. तापमान खोलीतलं नाही, पिंजऱ्याच्या तळाशी मोजा.

विदर्भातल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको. मुंबई-कोकणात कूलरने हवा आणखी दमट होते, आणि दमट हवेत फासलेली लाळ वाळतच नाही, म्हणून तिथे तो निरुपयोगी. पुढचे उपाय दोन्हीकडे लागू. मंगळुरी कौल अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून पिंजऱ्यात पालथं ठेवा. माती पाणी धरून ठेवते, दोन-तीन तास थंडावा देते, आणि खालची पोकळी लपायला मिळते. मातीची कुंडी आडवी टाकली तरी चालते. एक लिटरची बाटली बर्फ करून सुती कापडात गुंडाळून ठेवा. कापड ओलं झालं की बदला. पसरट ताटलीत दोन सेंमी पाणी घालून त्यात मटार सोडले तर ते पाय बुडवून वेचत बसतात. पाण्याच्या बाटल्या दोन हव्यात. नळीतली गोळी अडकते आणि बाटली भरलेली दिसत असूनही थेंब येत नाही. रोज बोट लावून बघायचं.

उंदीर आडवा पसरलाय, तोंड उघडं आहे, लाळ गळते, शेपूट लालभडक आणि गरम आहे: हा उष्माघात. साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं शेपटीला, कानांना, पायांना लावा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्धीत असेल तरच पाण्याचे थेंब द्या, आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

दुपारी वीज जाते, घरात कोणी नसतं आणि खोली चाळिशीला पोचते, अशी परिस्थिती असेल तर मात्र पाळू नये, हे स्पष्टच सांगते.

रानजाई

खाण्याबद्दल लिहिते. प्रौढ उंदराला रोज १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, शंभर ग्रॅम वजनामागे साधारण १० मिली पाणी. मुख्य भाग उंदरांसाठीच्या गोळीखाद्याचा असावा, प्रथिनं १४ ते १६ टक्क्यांच्या आसपास. वाढत्या पिल्लांना थोडी जास्त. नुसत्या धान्याच्या मिश्रणात उंदीर सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे निवडून खातो आणि ज्वारी मागे ठेवतो. वाटी रिकामी दिसते म्हणून आपल्याला वाटतं पोट भरलं. मिळालेली असते ती निव्वळ चरबी. शिवाय धान्यात ब-१२ आणि ड जीवनसत्त्व नसतं. क जीवनसत्त्व उंदीर स्वतःच्या शरीरात तयार करतो, त्याची काळजी नको. गिनीपिगचं खाद्य आणि उंदराचं खाद्य वेगळं असतं ते त्यामुळेच.

वरून ताजं रोज चमचाभर: मेथी, पालक, लाल भोपळा, काकडी, मोड आलेले मूग. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं, एका उंदराला चहाचा छोटा चमचा. शिळी, कडक झालेली ज्वारीची भाकरी कुरतडायला उत्तम. दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते पिवळे-केशरीच असायला हवेत. पांढरेफटक दात दिसले तर तब्येतीत काहीतरी बिघाड आहे.

नको ते: कच्चा राजमा आणि कच्ची मोठी कडधान्यं, हिरवा पडलेला बटाटा, फरसाण-चिवडा, सोडा असलेली पेयं. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं परत येत नाही, ही गोष्ट कायम डोक्यात ठेवा. चिकट पदार्थही त्यामुळेच धोक्याचे. शेंगदाण्याचं बटर द्यायचं तर पाण्यात पातळ करून बोटावरून चाटायला द्या.

वाटीत ओतून देण्यापेक्षा खाणं पसरून, पुठ्ठ्याच्या नळ्यांत भरून, कागदात गुंडाळून द्या. रात्रभर शोधत राहतात आणि वजनही आटोक्यात राहतं. जाडा उंदीर हाही हाल सोसणाराच प्राणी आहे. लाडाने भरवणाऱ्यांना हे पटत नाही, पण गाठी आणि पायांचे फोड जाड उंदरांत जास्त होतात.

निशिगंध

@रानजाई, एक भर. संत्र-मोसंबीची साल नरांना देऊ नका. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, आणि नराच्या मूत्रपिंडात असलेल्या एका खास प्रथिनाशी जोडलं जाऊन ते तिथे साचतं. मादीत हे होत नाही.

चौथा_मजला

विरोध करायचा म्हणून नाही, पण लेप्टो आणि प्लेगचं काय? सोसायटीत हा प्रश्न पहिला येणार. नीट उत्तर माहीत असलेलं बरं.

सोनचाफा (पशुवैद्य)

प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नये. लेप्टोचे जंतू बाहेरच्या उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत जी साथ आली ती साचलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसांमध्ये. प्लेग पसरवते पिसू. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत ते दाखवलं, आणि त्या रोगाने माणसांआधी उंदीरच मरत होते. घरात जन्मलेल्या, बाहेरच्या उंदराशी संबंध न आलेल्या पाळीव उंदरापासून धोका फार कमी. तो कमीच राहावा म्हणून चार गोष्टी: पिंजरा गॅलरीत ठेवू नका, खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बाहेर सापडलेलं जंगली पिल्लू पाळीव उंदरांत सोडू नका, हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

निरोगी उंदराच्या तोंडातही एक जंतू असतो, त्याने चावातून ताप येऊ शकतो. चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर आपल्या डॉक्टरांना 'उंदीर चावला होता' हे आवर्जून सांगा. हे सांगितलं नाही तर निदान चुकतं. सांगितलं तर साध्या प्रतिजैविकाने बरं होतं.

सोसायटीत उंदीर मारायचं औषध टाकायचं ठरलं तर कोणतं ते आधी विचारून ठेवा. केकच्या स्वरूपातलं ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही; त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, वेळेत पोचलात तर. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही.

निशिगंध

आता बुद्धीबद्दल. नुसतं 'उंदीर हुशार असतो' म्हणून भागत नाही, त्याची हुशारी कशात आहे ते कळलं तर सांभाळणंही बदलतं.

२०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात उंदरांना लपाछपी शिकवली. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, सापडल्यावर फक्त गुदगुल्या आणि खेळ. उंदीर दोन्ही बाजू शिकले: राज्य घेणं आणि लपणं. लपताना ते पारदर्शक खोक्यापेक्षा अपारदर्शक खोकं निवडत, आणि लपलेले असताना गप्प राहत. शोधताना मात्र भरपूर आवाज. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, साधारण ५० किलोहर्ट्झचा असतो, आपले कान विसाच्या आसपास थांबतात. याक पँकसेप या मेंदू-संशोधकाने १९९० च्या दशकाच्या शेवटी गुदगुल्या करून हा आनंदाचा आवाज ओळखला. भीतीचा आवाज वेगळा, २२ किलोहर्ट्झचा. त्याच २०१९ साली अमेरिकेत रिचमंड विद्यापीठातल्या केली लँबर्ट यांच्या उंदरांनी प्लॅस्टिकच्या डब्याची गाडी चालवली. तांब्याच्या तीन पट्ट्या, डावी, मधली, उजवी, जिला हात लावाल तिकडे गाडी वळणार. यातली आपल्या कामाची गोष्ट ही की शिड्या, खेळणी आणि सोबत असलेल्या मोठ्या पिंजऱ्यातले उंदीर हे चटकन शिकले. साध्या पिंजऱ्यातल्यांना ते नीट जमलं नाही. तोच प्राणी, पिंजरा वेगळा.

घरी शिकवायचं तर असं. वेळ संध्याकाळची, सत्र पाच मिनिटांचं, त्यापुढे लक्ष उडतं. कुत्र्यांना शिकवताना 'बरोबर' सांगायला वाजवतात तो क्लिकर त्यांच्या कानाला फार कर्कश लागतो, बॉलपेनचा टिक पुरतो. पहिले दोन दिवस फक्त टिक आणि लगेच खाऊ, मधे सेकंदापेक्षा जास्त वेळ नको. मग लाकडी चमचा समोर धरा. नाक लागलं की टिक. मग चमचा एक वीत लांब, मग उडी मारून, मग नळीतून. एकाच दिवशी दोन पायऱ्या नकोत.

बिघडतं कुठे? बक्षिसात. मुरमुरा किंवा बी दिली की उंदीर, त्यातही मादी, ती तोंडात धरून घरट्यात ठेवायला पळते आणि धडा तिथेच संपतो. त्याऐवजी चमच्याला दह्याचा किंवा नाचणीच्या पेजेचा ठिपका लावा. तो उचलून नेता येत नाही, जागेवर बसून चाटावाच लागतो. दुसरी चूक गजांमधून खाऊ देण्याची. गजांमधून येईल ते खायचं, एवढंच तो शिकतो, आणि नंतर पाहुण्यांच्या मुलाने घातलेलं बोटही त्यात येतं.

हातावर स्वस्थ बसलेल्या उंदराचे डोळे कधी जवळून पाहा. दात एकमेकांवर घासल्याची बारीक करकर सुरू होते आणि मग डोळे भराभर आतबाहेर थरथरतात, बुबुळ बाहेर येईल असं वाटतं. नवखा माणूस घाबरून त्याला खाली ठेवतो. जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या खोबणीतून जातो, दात घासले की तो डोळ्याला मागून ढकलतो. बहुतेक वेळा ही पूर्ण समाधानाची खूण असते. अंग आक्रसलेलं, केस पिंजारलेले असतील तर तीच करकर दुखण्याचीही असू शकते, म्हणून डोळ्यांबरोबर पाठही पाहायची.

मृगजळ

निशिगंध यांच्या लिखाणाला जोडून प्रतीकाबद्दल थोडं. 'मूषक' हा शब्द 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून आलाय. नावातच आरोप आहे. तरी अथर्वशीर्षात गणपती 'मूषकध्वज' आहे, म्हणजे ज्याच्या ध्वजावर उंदीर आहे तो. मुद्गल पुराणातल्या आठ अवतारांत सगळ्यांना उंदीर नाही: वक्रतुंडाला सिंह, विकटाला मोर, विघ्नराजाला शेष. बाकीच्यांना मूषक. गणेशपुराणातला क्रौंच गंधर्व शापाने उंदीर होऊन पराशरांच्या आश्रमात धुमाकूळ घालतो आणि गणपती त्याला वाहन करतो. 'विघ्नाला काबूत ठेवणारा देव' असा अर्थ बहुतेक जण काढतात. मला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: त्याला मारलेलं नाही, कामाला लावलंय. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या मूषकाच्या कानात मागणं सांगतात, दुसरा कान हाताने झाकून. ज्या प्राण्याचं ऐकणं आपल्या कितीतरी पलीकडचं आहे त्यालाच निरोप्या नेमलाय, हे मला फार आवडतं.

राजस्थानात बिकानेरजवळ देशनोकला करणीमातेच्या मंदिरात हजारो उंदीर मोकळे फिरतात, त्यांना काबा म्हणतात, पांढरा दिसला तर शुभ. (ते काळे उंदीर, पाळीव जातीचे नव्हेत.) चिनी राशिचक्राची सुरुवात उंदरापासून होते.

आणि आपल्या पंचतंत्रातला हिरण्यक आठवा. जाळ्यात अडकलेल्या कबुतरांचा राजा चित्रग्रीव त्याला सांगतो, आधी माझ्या लोकांचे पाश तोड, मग माझे. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात एका उंदराला अरुंद नळीत अडकवून दुसऱ्याला बाहेर सोडलं. बाहेरचा काही दिवसांत दार उघडायला शिकला आणि मित्राला सोडवत राहिला. शेजारी चॉकलेटने भरलेली दुसरी नळी ठेवली तर दोन्ही उघडल्या, आणि पाचांतले सरासरी दीड तुकडे मित्रासाठी उरले. गोष्ट रचणाऱ्याने उंदीर नीट पाहिलेला होता, असंच मला वाटतं.

काटेसावर

मृगजळ, फार सुंदर. टांझानियात मोरोगोरोला ज्यांना सुरुंग हुंगायला शिकवतात ते आफ्रिकी पिशवीगाल उंदीर वेगळ्या कुळातले, पण त्यांतला मगावा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. कंबोडियात त्याने ७१ भूसुरुंग शोधले. २०२० मध्ये त्याला पीडीएसए या ब्रिटिश प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. वजन १.२ किलो, म्हणून सुरुंगावर पाय पडूनही तो फुटत नसे.

सोनचाफा (पशुवैद्य)

दुखण्यांबद्दल. पहिलं काम, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या आणि दर रविवारी वजन लिहून ठेवा. उंदीर दुखणं लपवतो, वजन लपवू शकत नाही. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर, वाट बघायची नाही.

श्वसनाचा आजार सर्वांत जास्त. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांत आयुष्यभर दबा धरून असतो. थंडी, धूळ, लघवीचा अमोनिया, ताण, असं काही झालं की डोकं वर काढतो. नव्या घरात पहिले चार-पाच दिवस शिंका येतात, त्या चालतील. उंदराची बरगडी कानाला लावून ऐका: काहीच ऐकू आलं नाही तर ठीक, घरघर किंवा कडकड आली तर उपचार हवा. श्वास घेताना कुशी खोल जात असतील, डोकं वरखाली होत असेल तर त्याच दिवशी. डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधं वापरतात, मात्रा वजनावर काढतात. स्वतः अंदाजाने देऊ नका. अर्धवट सोडलेला कोर्स पुढच्या वेळी अंगाशी येतो.

आपल्या घरांत एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती, कापूर हे पिंजऱ्याच्या खोलीत नकोच. डासांसाठी पिंजऱ्याला मच्छरदाणी लावा, दातांच्या टप्प्याबाहेर. कपाटातल्या डांबरगोळ्या विषारी आहेत. फिनेलने पुसलेली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय त्यांना सोडू नका. पिंजरा पुसायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं पुरतं.

नाकाभोवती, डोळ्यांभोवती लाल डाग दिसला की लोक रक्त समजून धावत येतात. बहुतेक वेळा ते पॉरफिरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लालसर द्रव्य. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते गुलाबी चमकतं, रक्त चमकत नाही. सकाळी थोडंसं असणं सामान्य. दिवसभर साचून राहत असेल तर उंदीर स्वतःला साफ करत नाहीये, म्हणजे आजारी आहे किंवा ताणात आहे.

माद्यांना स्तनांच्या गाठी होतात. स्तनाची ऊती काखेपासून जांघेपर्यंत पसरलेली असते, म्हणून गाठ खांद्याजवळही येऊ शकते. बऱ्याच गाठी साध्या असतात, पण वाढतात झपाट्याने. सुपारीएवढी असताना काढणं सोपं, लिंबाएवढी झाल्यावर अवघड. शस्त्रक्रियेआधी उंदराला उपाशी ठेवायचं नसतं, कारण उलटीची भीती नाही आणि साखर पटकन उतरते. कुत्र्या-मांजरांच्या सवयीने कोणी 'रात्रीपासून काही देऊ नका' म्हणालं तर हे नम्रपणे विचारा. उंदीर पाहणारे डॉक्टर कमी आहेत. गरज पडायच्या आधीच फोन करून ठेवा.

शेपटीला धरून कधीही उचलू नका. कातडी मोज्यासारखी निघून येते आणि परत येत नाही. दोन्ही हात ओंजळीसारखे छातीखाली आणि मागच्या पायांखाली घ्या.

पाटावरवंटा

नवा उंदीर जुन्यांत कसा मिसळायचा? थेट पिंजऱ्यात सोडला तर मारामारी होते म्हणतात.

काटेसावर

होते, कारण पिंजरा त्यांचा मुलूख असतो. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत विलगीकरण, श्वसनाच्या विषाणूंसाठी. मग दोघांचाही वास नसलेली जागा घ्या. धुतलेली, कोरडी न्हाणी चालते. तिथून छोट्या वाहक पेटीत एकत्र, अंथरूण थोडं, लपायला काही नाही, पाणी आहे. काही तास शांततेत गेले की थोडी मोठी पेटी, मग धुतलेला रिकामा पिंजरा, आणि झोळ्या-घरं शेवटी. एकदम सामान भरलंत तर त्यावरूनच भांडण लागतं.

एकाने दुसऱ्याला उताणं पाडलं, दुसरा चिरकला, एवढ्यावर मधे पडू नका, ते श्रेष्ठत्व ठरवतायत. केस पिंजारून, पाठ कमानीसारखी करून एक जण तिरका-तिरका सरकत असेल तर जाड टॉवेल हाताशी ठेवा. रक्त दिसलं की वेगळे करा, टॉवेलनेच. उघडा हात घातलात तर खोल चावा बसेल. एखादा प्रौढ नर कोणालाच नीट राहू देत नसेल तर त्याचं खच्चीकरण हा चांगला उपाय आहे. स्वभाव निवळायला चार ते सहा आठवडे लागतात.

रानजाई

म्हातारपणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. दीड वर्षानंतर, नरांत जास्त, मागचे पाय कमजोर होतात: आधी उडी चुकते, मग पाय ओढत चालणं. वेदना असतेच असं नाही, डोकं शाबूत असतं, आणि चढायची इच्छाही. म्हणून पिंजरा बदलायचा. मजले काढून एकच सपाट तळ, झोळी जमिनीपासून तीन-चार सेंमीवर, तिला चढायला खडबडीत कापडाचा उतार. पाण्याची बाटली खाली, शिवाय एक जड, उथळ वाटी. खाणं मऊ: गोळ्या कोमट पाण्यात भिजवून. मागचं अंग त्याला साफ करता येत नाही, रोज ओल्या सुती कपड्याने पुसायचं. राहिलेली लघवी दोन दिवसांत कातडी जाळते. मागची नखं झिजत नाहीत, पंधरा दिवसांनी टोक तेवढं कापा.

शिकवणं थांबवू नका. चमच्यामागे यायला त्याला अजून आवडतं, अंतर फक्त विताऐवजी चार बोटं ठेवायचं. सोबती वेगळा करू नका. तो त्याच्या अंगाला टेकून झोपतो आणि ज्या मानेपर्यंत म्हाताऱ्याचे पाय पोचत नाहीत ती मान साफ करून देतो.